‘स्वतः’ म्हणजे कोण? : रमाबाई रानडे यांच्या आठवणींची भाषा

४.१ प्रास्ताविक



मागील घटकात आपण चरित्र आणि आत्मचरित्र या दोन वाङ्मयप्रकारांचा परिचय करून घेतला. या दोहोंच्या सीमेवर एक तिसरा प्रकार उभा आहे. त्याला आपण साधेपणाने ‘आठवणी’ म्हणतो. चरित्रकार कागदपत्रे धुंडाळतो, आत्मचरित्रकार स्वतःचा शोध घेतो. आठवणी सांगणारा मात्र दुसऱ्या कोणाविषयी सांगतो आणि ते सांगताना आपण कोठे उभे होतो हेही नकळत सांगून जातो. एखादी व्यक्ती सार्वजनिक जीवनात मोठी असली म्हणजे तिच्या आठवणींना इतिहासाचे साधन म्हणूनही महत्त्व येते. अशा वेळी प्रश्न असा पडतो की, या साधनावर विश्वास किती आणि कसा ठेवायचा?

प्रस्तुत घटकात या प्रश्नाचा विचार रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकाच्या आधारे करावयाचा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांचे सार्वजनिक कार्य आपणांस इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक आहे: प्रार्थना समाज, पुण्याची सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, मुंबई उच्च न्यायालयातील न्यायाधीशपद, ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हा १९००चा ग्रंथ. त्याची पुनरावृत्ती येथे करीत नाही. आपले लक्ष राहील ते रमाबाईंच्या भाषेवर. मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे माझे लक्ष प्रथम सर्वनामांकडे आणि क्रियापदांकडे जाते. पण या पुस्तकापुरते तरी ते योग्य ठिकाणी जाते, असे मला वाटते. हा घटक वाचताना मूळ पुस्तक जवळ असल्यास उत्तम.

४.२ सांगणारी कोण, केव्हा सांगते

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घरातला. १८७३ च्या डिसेंबरात त्यांचा विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि रानडे एकतीस वर्षांचे. रानड्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन त्याच वर्षी झाले होते. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांनी आता एखाद्या विधवेशीच विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. नेमकी तीच भीती त्यांच्या वडिलांना होती. वडिलांनी घाईने स्थळ पाहिले, मुलाच्या विनवण्या मानल्या नाहीत, आणि मुलाने शेवटी वडिलांचा शब्द मोडला नाही. या घटनेबद्दल रानड्यांवर त्यांच्या हयातीत टीका झाली आणि आजही होते.

ही सारी हकीकत रमाबाईंच्या पुस्तकात विस्ताराने आली आहे. येथे क्षणभर थांबा. ज्या विवाहामुळे रानड्यांना आयुष्यभर बोल लागला, जो विवाह त्यांना त्या वेळी मनापासून नको होता, त्याची हकीकत ज्या मुलीशी तो विवाह झाला तीच सांगत आहे. सांगताना ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. पतीला जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम उभे राहिले आहे आणि ते चालविणारी स्त्री म्हणून तिला स्वतःचे सार्वजनिक स्थान प्राप्त झाले आहे. पुस्तकाला प्रस्तावना आहे ती गोपाळ कृष्ण गोखले यांची. म्हणजे सांगणारी अकरा वर्षांची मुलगीही आहे आणि अठ्ठेचाळीस वर्षांची कार्यकर्तीही. एका वाक्यात कधी पहिलीचा डोळा असतो, कधी दुसरीचा. आठवणींच्या वाचकाने हे वय पदोपदी विचारावे लागते: हे पाहिले कोणी, आणि लिहिते कोण?

४.३ नाव विचारले, नाव सांगितले

विवाहानंतरच्या पहिल्या संभाषणाचा प्रसंग रमाबाईंनी दिला आहे. रानडे त्या मुलीला विचारतात की, तुझे माझ्याशी लग्न झाले, पण मी कोण, माझे नाव काय, हे तुला ठाऊक आहे का? ती होय म्हणते. मग ते तिला नाव सांगायला सांगतात आणि माहेरी जसे ऐकले होते तसे ती ते सांगते. पुढे माहेरची विचारपूस होते, लिहितावाचता येते का अशी पृच्छा होते. आणि अक्षरओळखही नसलेल्या त्या मुलीच्या शिक्षणाला पाटी-पेन्सिलीने प्रारंभ होतो.

हा प्रसंग पुष्कळांनी उद्धृत केला आहे तो शिक्षणाच्या आरंभासाठी. मला मात्र त्याचा पूर्वार्ध अधिक लक्षणीय वाटतो. त्या काळच्या ब्राह्मण घरात पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये हा निर्बंध किती कडक होता, हे आपल्यापैकी ज्यांनी आजी-पणजीचा काळ पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. नाव घ्यायचे ते उखाण्यात, म्हणजे समारंभाने, इतरांच्या आग्रहावरून आणि पद्याच्या आडून. येथे पतीच पत्नीला साध्या गद्यात नाव सांगायला लावतो. सुधारकाच्या घरातील पहिला धडा ‘अ’पासून सुरू झाला नाही, तो नावापासून झाला, असे म्हटले तरी चालेल.

आणि तरीही पुढे शेकडो पृष्ठे ही लेखिका पतीचा निर्देश करताना नाव घेत नाही. ती लिहिते ‘स्वतः’.

माझ्या आजीची एक गोष्ट येथे सांगतो. मी आठ-नऊ वर्षांचा असताना ती मला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली होती. कारकुनाने विचारले, ‘नवऱ्याचे नाव?’ आजीने मला कोपराने ढोसले. मी आजोबांचे नाव सांगितले, कारकुनाने लिहून घेतले, आजीने अंगठा दिला. घरी परतताना मला कळले की आपल्याला सोबत नेण्याचे कारण हेच होते. आजोबांचे नाव पांडुरंग. त्यामुळे पंढरीच्या देवालाही आजी जन्मभर विठोबाच म्हणत आली. भाषेतला निर्बंध हा असा एका शब्दापुरता राहत नाही. तो भोवतालच्या शब्दांनाही बाजूला सारतो आणि त्यांच्या जागी नवे शब्द, नव्या वाक्यरचना घडवितो.

४.४ ‘इकडून’ आणि ‘स्वतः’

नाव न घेता पतीविषयी बोलण्याचे मराठीत अनेक मार्ग होते. ‘हे’, ‘अहो’, ‘स्वारी’, मुलाच्या नावावरून ‘अमक्याचे वडील’. त्यांपैकी व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांत कुतूहलजनक मार्ग म्हणजे ‘इकडून’. पुढील वाक्ये मी उदाहरणादाखल रचली आहेत, ती पुस्तकातील नव्हेत:

इकडून सांगणे झाले, म्हणून मी आले.
इकडून येणे केव्हा होईल?

या वाक्यांत कर्ता कोठे आहे? ‘सांगितले’ असे क्रियापद वापरले असते तर सांगणारा उभा करावा लागला असता: ‘यांनी सांगितले’. ती गरज टाळण्यासाठी क्रियेचेच नाम केले गेले, ‘सांगणे’. त्याला ‘झाले’ हे निरुपद्रवी क्रियापद जोडले. आणि माणसाच्या जागी दिशा बसविली. माणूस वाक्यातून निघून गेला, त्याची क्रिया तेवढी घडली. आदराची परिसीमा म्हणा किंवा दूरत्वाची. व्याकरण दोन्हींसाठी एकच साधन वापरते.

‘स्वतः’ची तऱ्हा निराळी आहे. मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे रमाबाईंच्या पुस्तकानंतर अवघ्या वर्षाने. आपल्या व्याकरणपरंपरेत ‘स्वतः’ची गणना आत्मवाचक सर्वनामांत होते. आत्मवाचक सर्वनाम एकटे उभे राहत नाही. ‘तिने स्वतःला आरशात पाहिले’ या वाक्यात ‘स्वतः’ म्हणजे कोण, हे ‘तिने’ या कर्त्यावरून कळते. ‘मी स्वतः गेलो’ यात ते ‘मी’वर जोर देते. दोन्ही ठिकाणी त्याला आधार लागतो आणि तो आधार सामान्यतः त्याच वाक्यात असतो. आता ‘स्वतः कचेरीतून परत आले’ असे वाक्य घ्या. आजच्या वाचकाला ते अपुरे वाटते. कोण स्वतः? या ‘स्वतः’चा आधार वाक्यात नाही, मागच्या वाक्यातही नाही. तो घरात आहे. ज्या घरात एकाच व्यक्तीचा उल्लेख नावावाचून व्हावयाचा असतो त्या घरात ‘स्वतः’ म्हणजे कोण, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

आयर्लंडमधील इंग्रजीतही घरच्या कर्त्या पुरुषाचा उल्लेख ‘हिमसेल्फ’ असा करण्याची रीत आहे, हे जाता जाता सांगतो. म्हणजे ही लकब केवळ आपलीच नव्हे.

मग रमाबाईंनी ‘इकडून’ न वापरता ‘स्वतः’ला पसंती का दिली असावी? माझा तर्क असा. ‘इकडून’ हा शब्द बोलण्यातला आहे. तो बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो. ओटीवरून माजघराकडे बोलताना ‘इकडे’ला अर्थ येतो. छापील पुस्तकाचा वाचक मात्र सोलापुरात असेल, नागपुरात असेल. त्याच्यासाठी ‘इकडे’ म्हणजे कोठे? ‘स्वतः’ला अशी जागा लागत नाही. माजघरातील संकेत छापखान्यापर्यंत नेताना त्यातल्या त्यात टिकाऊ शब्द त्यांनी उचलला. येथे बोलीतील स्त्रियांचा व्यवहार आणि लिखित गद्य यांची सांधेजोड होताना दिसते. १९१० साली स्त्रियांनी लिहिलेले गद्य मराठीत फार नव्हते. तेव्हा ही सांधेजोड कशी करावी याचे नमुनेही फारसे समोर नव्हते.

४.५ तीन शीर्षके

याच पुस्तकाचे इंग्रजीत दोन अनुवाद झाले. १९३८ मध्ये कॅथरीन गेट्स यांचा अनुवाद आला, त्याचे शीर्षक ‘हिमसेल्फ’. मूळ मराठीतील ‘स्वतः’ या शब्दावरूनच हे शीर्षक आले आहे. १९६३ मध्ये कुसुमावती देशपांडे यांचा अनुवाद प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘रानडे’ हे नाव ठळकपणे येते आणि या पत्नीच्या आठवणी आहेत हे उपशीर्षकासारखे मागाहून येते.

ही तीन शीर्षके शेजारी शेजारी ठेवून पाहा. मराठी शीर्षकात नायक नाही. ‘आमच्या आयुष्यातील’ असे आहे. पहिल्या इंग्रजी शीर्षकात फक्त सर्वनाम आहे. दुसऱ्यात आडनाव पुढे आले आणि लेखिका ‘पत्नी’ झाली. पुस्तक तेच, पण वाचक कोणाला शोधण्यासाठी ते उघडणार, हे शीर्षकाने ठरविले. यांतील कोणतेही शीर्षक चुकीचे नाही. तरी मला स्वतःला मराठी शीर्षकच सर्वांत नेमके वाटते, आणि त्याचे कारण ‘आमच्या’ हा शब्द.

आपल्या भाषेत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे. ‘आपण जाऊ’ म्हटले की ऐकणारा त्यात येतो. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की तो बाहेर राहतो. गुजरातीत हा भेद आहे, तेलुगू-तमिळसारख्या द्राविडी भाषांतही आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीच्या ‘वुइ’मध्ये तो नाही. म्हणून ‘आमच्या आयुष्यातील’ याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर होऊ शकत नाही. ‘आमच्या’ हा शब्द सांगतो की हे आयुष्य आम्हा दोघांचे होते आणि वाचकहो, तुम्ही त्यात नव्हता. त्याच शब्दात आणखी एक दावा आहे, तो नम्रपणे केलेला असल्यामुळे चटकन लक्षात येत नाही. ‘त्यांच्या आयुष्यातील’ असे लेखिका म्हणत नाही. ज्यांचे नाव ती घेत नाही त्यांच्या आयुष्यात ती अर्ध्या वाट्याने उभी आहे.

येथे एक सावधगिरी. ‘आमचे’ हे रूप मराठीत कुटुंबासाठी आणि क्वचित एकट्या व्यक्तीसाठीही वापरले जाते: ‘आमचे घर’, ‘आमचे मत’. त्यामुळे वरील अर्थ एकमेव आहे असे परीक्षेत ठासून लिहू नका. शक्यता म्हणून मांडा आणि पुस्तकातील प्रसंगांनी तिला आधार द्या.

स्वयंअध्ययन : मूळ पुस्तकाची कोणतीही पाच पृष्ठे घ्या. पतीचा निर्देश किती वेळा आणि कोणकोणत्या शब्दांनी झाला आहे, ते समासात नोंदवा. जेथे निर्देश मुळीच नाही आणि तरीही कोणाविषयी बोलणे चालले आहे ते कळते, अशी वाक्ये निराळी काढा.

४.६ जे पाहिले, जे ऐकले

आता विश्वासार्हतेच्या प्रश्नाकडे वळू. पुस्तकाच्या आरंभीच्या भागात रानड्यांचे बालपण येते. बर्फीच्या दोन तुकड्यांतला मोठा तुकडा नोकराच्या मुलाला देऊन लहान आपल्याकडे ठेवणाऱ्या मुलाची कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. अशा कथांच्या वेळी रमाबाई जन्मल्याही नव्हत्या. दुसऱ्या विवाहावरून वडील आणि मुलगा यांच्यात जे बोलणे झाले तेही त्यांनी स्वतः ऐकलेले नाही. या गोष्टी त्यांना सासरच्या माणसांकडून, म्हणजे त्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून आणि कदाचित पतीकडून, पुढे केव्हातरी कळल्या असणार. ही ‘ऐकीव आठवण’ आहे.

बोलण्यात मराठी माणूस ऐकीव गोष्टीवर खूण करतो. ‘तो मुंबईला गेला’ आणि ‘तो मुंबईला गेला म्हणे’ या दोन वाक्यांतील फरक आपल्याला सहज कळतो. ‘म्हणे’ या एका शब्दाने बोलणाऱ्याने जबाबदारी झटकली. लिखित गद्यात, विशेषतः आदरणीय व्यक्तीविषयी लिहिताना, हा ‘म्हणे’ गळून पडतो. मग पाहिलेले आणि ऐकलेले एकाच भूतकाळात एकमेकांशेजारी बसतात. वाचकाने तो गळालेला ‘म्हणे’ मनातल्या मनात पुन्हा घालून पाहावा. असे केल्याने आठवण खोटी ठरत नाही. तिची वाट तेवढी कळते. बर्फीची कथा रानड्यांच्या बालपणाविषयी जितके सांगते, तितकेच ती त्या घरातील बायका मोठ्या झालेल्या मुलाविषयी कसे बोलत हे सांगते.

दुसरी खूण क्रियापदाच्या रूपात सापडते. ‘ते पहाटे उठत असत’ हे रीतीचे वाक्य आहे. ‘त्या दिवशी ते पहाटे उठले’ हे एका घटनेचे. थोर व्यक्तींच्या आठवणींत पहिल्या प्रकारची वाक्ये पुष्कळ असतात आणि ती फसवी असतात, कारण दोनदा घडलेली गोष्टही ‘करीत असत’ म्हटल्याने सवय बनते. लोकमान्य टिळकांच्या आठवणींचे स. वि. बापट यांनी संपादलेले तीन खंड (१९२४ ते १९२८) पाहिल्यास हा भेद चांगला कळतो. तेथे सांगणारे अनेक आहेत आणि संपादकाने ग्रंथाच्या नावातच ‘आठवणी’ व ‘आख्यायिका’ असे दोन शब्द ठेवले आहेत. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. रमाबाईंची ताकद मात्र एकेका दिवसाच्या घटना सांगण्यात आहे: कोण कोठे बसले होते, कोण काय बोलले, कोण गप्प राहिले.

पण मग ते ‘बोलले’चे काय? १८७३ सालचा संवाद १९१० मध्ये, सदतीस वर्षांनी, अवतरणचिन्हांत कसा आला? हा आक्षेप संपर्कसत्रात दरवर्षी कोणीतरी घेते आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर मराठीच्या स्वभावात आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी ते शक्यतो त्याच्याच तोंडी ठेवते. ‘मी उद्या येतो असे तो म्हणाला’, यातला ‘मी’ बोलणाऱ्याचा नाही, त्याचा आहे. भाजीवाल्याशी झालेली घासाघीससुद्धा आपण घरी येऊन संवादातच सांगतो. तेव्हा मराठी आठवणीतील अवतरण हे ध्वनिमुद्रण नव्हे. ते शब्दांची हमी देत नाही; बोलणे कोणत्या स्वरात झाले, कोण कोणाशी कसे बोलू शकत होते, याची देते. न्यायालयात अशी साक्ष अपुरी पडेल. घरात कोणाला काय विचारण्याची मुभा होती हे जाणून घ्यायचे असेल, तर तीच सर्वांत चांगली साक्ष आहे.

४.७ पटले नाही, हे कसे सांगावे

ज्याचे नाव घेता येत नाही त्याच्याशी मतभेद कसा नोंदवावा? रमाबाईंपुढे हा प्रश्न पंचहौद मिशनच्या प्रकरणात उभा राहिला.

प्रकरण थोडक्यात असे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावण्यात आले आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. रानडे, टिळक, गोखले हे उपस्थितांत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध केली, मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याचा बोभाटा झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी मित्रमंडळींबरोबर प्रायश्चित्त घेतले. एका पेला चहासाठी दोन वर्षे पुणे ढवळून निघाले, याचे आज हसू येते. परंतु बहिष्काराचा अर्थ त्या काळी मुलींची लग्ने अडणे आणि श्राद्धाला ब्राह्मण न मिळणे असा होता, हे विसरू नये.

सुधारकांच्या पक्षाला हे प्रायश्चित्त म्हणजे माघार वाटली. आणि घरातही कोणाला तरी ते लागले. पतीच्या शिकवणीवर वाढलेल्या, त्यासाठी घरातल्या बायकांची बोलणी सोसलेल्या पत्नीला ते रुचले नाही, हे रमाबाई लपवीत नाहीत. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर मुलींच्या हायस्कुलासाठी त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले होते. त्या दिवशी घरी आल्यावर काय काय ऐकून घ्यावे लागले याचे वर्णन त्यांनी केलेच आहे. ज्या निष्ठेपायी हे सारे सोसले, ती निष्ठा शिकविणाऱ्यानेच नमते घ्यावे? रानड्यांची बाजूही त्या देतात: मित्रांच्या घरची अडचण, आपल्यामुळे दुसऱ्यांना त्रास होऊ नये ही भूमिका. पण आपले दुःख त्या बाजूखाली पुरून टाकीत नाहीत.

येथे पुन्हा भाषेकडे या. मराठीत ‘त्यांनी चूक केली’ असे म्हणता येते आणि ‘मला वाईट वाटले’ असेही म्हणता येते. पहिल्या वाक्यात कर्ता आहे, कृती आहे, निवाडा आहे. दुसऱ्यात ‘मी’ कर्ता नाही. ‘मला’ ही चतुर्थी आहे. वाटणे ही गोष्ट मी केलेली नाही, ती मला झाली. भूक लागते, थंडी वाजते, तसे वाईट वाटते. या रचनेला भाषाविज्ञानात अनुभवकर्त्याची रचना म्हणतात. जिला निवाडा देण्याचा अधिकार नाही तिला ही रचना एक जागा देते: मी त्यांना चूक म्हणत नाही, पण मला झालेले दुःख खोटे नाही. आवाज न चढविता केलेला हा मतभेद आहे. रमाबाईंच्या पुस्तकात ‘वाटले’, ‘सुचेना’, ‘धीर होईना’ यांसारख्या रचना शोधा आणि त्या कोणत्या प्रसंगी येतात ते पाहा.

या पुस्तकाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, हे पतिव्रतेचे स्तोत्र. दुसरे म्हणते, यातून सुधारकाच्या घरचे बिंग फुटते. दोन्ही मते मांडणारे पुस्तक भराभर वाचतात, असे माझे थोडेसे कडवट मत आहे. स्तोत्रात प्रायश्चित्ताचे दुःख आले नसते. आणि बिंग फोडणाऱ्याने ‘स्वतः’ लिहिले नसते.

४.८ पुढच्या पिढ्या

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याही कवी-धर्मोपदेशक पतीविषयी लिहितात, पण त्यांचा शब्द ‘टिळक’. आडनावाने पतीचा उल्लेख करताच पत्नीला त्याच्याकडे थोडे अंतर ठेवून, हसून पाहता येते. लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे एक रहस्य या नामनिर्देशात आहे. १९९० मध्ये सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ आले. तेथे ‘भाई’ आहेत आणि निवाडाही उघडपणे दिलेला आहे. ‘स्वतः’, ‘टिळक’, ‘भाई’ या तीन निर्देशांतून ऐंशी वर्षांतील मराठी घराचा एक इतिहास लिहिता येईल. मात्र हा प्रवास सरळ रेषेत झाला असे समजू नका. संपर्कसत्राला येणाऱ्या एका पन्नाशीच्या विद्यार्थिनीने मला सांगितले होते की प्रवेशअर्जावर पतीचे नाव लिहिताना हात थांबला नाही, पण पहिल्या दिवशी वर्गात ते मोठ्याने उच्चारण्याची वेळ आली तेव्हा जीभ अडखळली. लिहिण्याचा हात आणि बोलण्याची जीभ यांची वये एक नसतात.

४.९ उपक्रम

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडे जा. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या एखाद्या सार्वजनिक व्यक्तीची आठवण त्यांना विचारा: गावात आलेला पुढारी, शाळा काढणारे गुरुजी, कीर्तनकार, कोणीही चालेल. मध्ये बोलू नका. त्यांच्या परवानगीने बोलणे ध्वनिमुद्रित करा किंवा शक्य तितके त्यांच्याच शब्दांत, बोलीसकट, उतरवून घ्या. त्यांनी ‘म्हणे’ म्हटले असेल तर तो शब्द गाळू नका.

घरी आल्यावर दोन पृष्ठांत ती आठवण लिहा. नंतर लाल शाईने तीन खुणा करा. त्या व्यक्तीचा निर्देश ज्या शब्दांनी झाला ते अधोरेखित करा. रीतीच्या क्रियापदांभोवती चौकट काढा. जेथे सांगणाऱ्याने ‘मला वाटले’, ‘मला कळेना’ असे म्हटले तेथे समासात रेघ मारा. मग आपले लिखाण आणि मूळ बोलणे शेजारी ठेवा आणि लिहिताना आपण काय काय बदलले ते पाहा. बहुतेक वेळा प्रथम बदललेली असतात ती सर्वनामे. ही दोन्ही पाने, न सुधारता, पुढील संपर्कसत्राला घेऊन या.